आईची लेखी संमती

२०१४च्या मार्च महिन्यात बीबीसीने लंडनमधल्या एका कुटुंबाची बातमी दिली. आई कॅन्सरने गेली होती. आजारपणात तिने स्वतःसाठी एक आयपॅड घेतला होता. मृत्युपत्रात तिने आपलं जे काही होतं ते मुलांच्या नावे केलं. भावांनी आपसांत ठरवलं, की टॅब एकाने वापरावा. त्यातलं सगळं पुसायचं, टॅब कोरा करायचा आणि वापरायला घ्यायचा, एवढाच बेत होता. पण आईचा ॲपल आयडी आणि पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता आणि त्याशिवाय टॅब कोरासुद्धा होईना. मुलांनी कंपनीला विचारलं. कंपनीने आईची लेखी संमती मागितली. आता ती कुठून आणायची? मग मुलांनी मृत्यूचा दाखला दिला, मृत्युपत्राची प्रत दिली, वकिलाचं पत्र दिलं. त्यावर उत्तर आलं, कोर्टाचा आदेश आणा.

दोन वर्षांनी, २०१६च्या जानेवारीत, कॅनडातली अशीच एक बातमी गाजली. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचे यजमान वारले. घरातल्या आयपॅडवर त्या पत्त्यांचा एक खेळ खेळायच्या. तो अचानक चालेनासा झाला. पुन्हा उतरवून घ्यायचा तर यजमानांच्या खात्याचा पासवर्ड हवा. टॅब उघडण्याचा आकडा बाईंना माहीत होता, खात्याचा पासवर्ड नव्हता. त्यांनाही कोर्टाचा रस्ता दाखवण्यात आला. पत्त्यांच्या एका खेळासाठी कोर्ट! बातमी झाल्यावर कंपनीने गैरसमज झाल्याचं सांगून माफी मागितली आणि मदत देऊ केली.

या बातम्या आपण ज्या साच्यात वाचतो तो साचा आपल्या ओळखीचा आहे. एका बाजूला दुःखातलं घर, दुसऱ्या बाजूला नियमावर बोट ठेवून बसलेली अजस्र कंपनी. मेलेल्या माणसाची सही मागणारा कारकून आपण सरकारी कचेरीच्या विनोदांमध्ये कितीदा पाहिला आहे. इथे तो कॅलिफोर्नियाहून ईमेल पाठवतो. आपल्याला राग येतो, आपण बातमी ग्रुपवर टाकतो, चारजण रागाचे इमोजी देतात आणि विषय संपतो.

पण या साच्यातून एक गोष्ट निसटते. त्या मुलांना आईचं काहीही वाचायचं नव्हतं. त्या बाईंना यजमानांच्या मेसेजमध्ये डोकावायचं नव्हतं. दोन्ही घरांना हवी होती ती वस्तू. एकाला कोरा टॅब, दुसऱ्याला पत्त्यांचा डाव. टॅब कुणाचा आणि टॅबमधलं कुणी वाचायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बातम्या त्यांची सरमिसळ करतात, सिनेमे करतात आणि घरात कुणी गेल्यावर त्याचा टॅब समोर घेऊन बसलेले आपणही करतो. वस्तू वारशाने मिळते. वाचायची परवानगी वारशाने मिळते का, हा मला साहित्याचा प्रश्न वाटतो. कारण मेलेल्या माणसाच्या कागदांचं काय करायचं यावर सगळ्यात जास्त काळ डोकं खाजवलं आहे ते साहित्याने.

दोन कुलपं

आधी थोडं तांत्रिक, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आजच्या टॅबला दोन कुलपं असतात. पहिलं स्क्रीनवरचं, म्हणजे पासकोड. आतला मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडणारी किल्ली तुमचा पासकोड आणि चिपमध्ये कोरलेला एक गुप्त आकडा मिळून बनते. ही किल्ली कंपनीकडे नसते. चुकीचे आकडे टाकत गेलात तर टॅब तुम्हाला आधी मिनिटभर थांबवतो, मग आणखी जास्त. एक सेटिंग असं आहे, की ते चालू असेल तर दहा चुकांनंतर सगळं पुसलं जातं. जन्मतारखा, लग्नाच्या तारखा आणि गाडीचे नंबर टाकून बघण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

दुसरं कुलूप खात्याचं. ॲपलने २०१३मध्ये ॲक्टिव्हेशन लॉक आणलं ते चोरांसाठी. चोरलेलं यंत्र पुसून विकता येऊ नये, म्हणून मूळ मालकाच्या खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय ते पुन्हा सुरूच होत नाही. लंडनमधली मुलं अडकली ती इथे. चोर आणि वारस यांच्यातला फरक यंत्राला कळत नाही, दोघंही पासवर्ड नसलेली माणसं. मात्र हे कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर असतं, त्यामुळे कागदपत्रं पाहून ते काढणं कंपनीच्या हातात असतं. आज मृत्यूचा दाखला वगैरे दिल्यावर ॲपल ते काढतं. पहिल्या कुलपाबद्दल मात्र उत्तर एकच आहे. पासकोड माहीत नसेल तर यंत्र पुसावं लागेल. क्लाउडवर बॅकअप असेल तेवढंच वाचेल.

म्हणजे वस्तू मिळेल, मजकूर मिळेलच असं नाही. मालकी आणि वाचन यांची फारकत कायद्याच्या आधी चिपनेच करून टाकली आहे. कॅनडातल्या बाईंची बातमी आली त्याच्या पुढच्याच महिन्यात ॲपल आणि एफबीआय यांचा वाद जगभर पेटला. सॅन बर्नार्डिनोमधल्या हल्लेखोराचा फोन उघडण्यासाठी खास सॉफ्टवेअर लिहून द्यायला कंपनीने नकार दिला आणि शेवटी एफबीआयने बाहेरच्या कुणाची तरी मदत घेऊन फोन उघडला. एफबीआयला अडवणारं कुलूप आणि आजीच्या भजनांच्या टॅबवरचं कुलूप यांची जात एकच आहे. एकासाठी भक्कम आणि दुसऱ्यासाठी मऊ असं कुलूप बनवता येत नाही.

हे कपाट नाही

आपल्याकडे तेरावं झालं की कपाट उघडलं जातं. साड्या वाटल्या जातात, पासबुकं आणि पावत्या वेगळ्या काढल्या जातात, तळाशी कधी पत्रांचा एखादा गठ्ठा निघतो. टॅबकडेही आपण असंच, काचेचं दार असलेलं कपाट म्हणून पाहतो. किल्ली सापडली, की आतलं आपलं.

ही उपमा कुठे फसते ते पाहायला एक मराठी उदाहरण घेऊ. जी. ए. कुलकर्णी १९८७च्या डिसेंबरमध्ये गेले. समारंभ, सभा, माणसांची गर्दी यांपासून आयुष्यभर लांब राहिलेला हा लेखक. त्यांच्या पश्चात मौज प्रकाशनाने त्यांच्या निवडक पत्रांचे खंड काढले. पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंनी जी. एं.ना लिहिलेली पत्रं मात्र त्यात नाहीत. ती 'प्रिय जी. ए.' या वेगळ्या पुस्तकात आहेत. तो संवाद वाचायचा असेल तर दोन पुस्तकं शेजारी ठेवून, तारखा जुळवत पानं उलटावी लागतात.

हे असं का झालं? कारण पोस्टाने पाठवलेलं पत्र दुसऱ्याच्या घरी राहतं. तुम्ही लिहिलेली पत्रं तुमच्या कपाटात नसतात, तुमच्या मित्राच्या कपाटात असतात. कायदाही हे ओळखतो. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, शब्दांवरचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा. त्यामुळे एखादा पत्रव्यवहार पुस्तक होऊन आपल्यापर्यंत येतो तेव्हा वाटेत निदान दोन घरांनी होकार दिलेला असतो. काय ठेवायचं, काय गाळायचं, यावर एखाद्या जिवंत माणसाने रात्री जागून विचार केलेला असतो. 'निवडक' या शब्दात ही सगळी मेहनत आहे.

टॅबमध्ये ही वाटच नाही. तिथे पत्र आणि उत्तर एकाखाली एक, दोन रंगांच्या चौकोनांत पडलेली असतात. आईचा टॅब उघडला, की तिच्या धाकट्या बहिणीने रात्री एक वाजता पाठवलेला व्हॉइस मेसेजही उघडतो. त्यात मावशी स्वतःच्या संसाराबद्दल रडत असेल. ती आपल्या ताईशी बोलत होती, ताईच्या मुलाशी नाही. ताई गेली, पण मावशी जिवंत आहे आणि पुढच्या रविवारी तुमच्याकडे जेवायला येणार आहे. कपाट उघडल्याने एकाच माणसाचा खासगीपणा मोडतो. टॅब उघडणं म्हणजे शंभर जिवंत माणसांची पाकिटं फोडणं. मेलेल्याची संमती हा त्यातला एक भाग झाला. उरलेल्या नव्व्याण्णव जणांना कुणी विचारलं?

सिनेमातली किल्ली

लोकप्रिय गोष्टींनी हा प्रश्न कसा हाताळला आहे? अनीश चगंटीचा 'सर्चिंग' (२०१८) तुम्ही बहुधा पाहिला असेल. सगळा सिनेमा कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या पडद्यावर घडतो. मुलगी बेपत्ता होते आणि बाप तिचा लॅपटॉप उघडून बसतो. एका खात्याचा पासवर्ड बदलायला दुसरं खातं लागतं, दुसऱ्याला तिसरं, असा तो एकेक दार ढकलत जातो. तंत्र म्हणून हे थरारक आहे, आणि सुरुवातीची काही मिनिटं तर विलक्षण. आईचं आजारपण आणि मृत्यू आपल्याला जुन्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरांतून आणि कॅलेंडरमधल्या एका नोंदीतून कळतो. आई घरी येण्याची तारीख आधी पुढे ढकलली जाते आणि मग पुसली जाते. एकही संवाद नाही, तरी घशात आवंढा येतो.

पण या सिनेमाचा एक विश्वास आहे, जो मला पटत नाही. तो म्हणतो, सगळं आत आहे. चिकाटी ठेवा, प्रत्येक फाइल उघडा, आणि तुमचं माणूस तुम्हाला कळेल. रहस्यकथेला हा विश्वास हवाच, त्याशिवाय तिचं चालत नाही. शोकाची गोष्ट मात्र रहस्यकथा नसते. तिच्यात गुन्हेगार नसतो आणि शेवटच्या पानावर उलगडाही नसतो. गेलेल्या माणसाचा टॅब घेऊन बसलेले आपण नकळत 'सर्चिंग'मधले बाप होतो. कुठेतरी एक मेसेज असेल, एक नोट असेल, ज्यात सगळं स्पष्ट होईल. म्हणून आपण आकडे टाकत राहतो.

याच्या शेजारी उमेश बिश्त यांचा 'पगलैट' (२०२१) ठेवून पाहा. नवरा गेलेल्या तरुण संध्याला त्याच्या कागदपत्रांत एका मुलीचा फोटो सापडतो. एवढाच पुरावा. सिनेमा तिथून फोन उघडण्याकडे वळत नाही. संध्या त्या मुलीलाच गाठते आणि तिला विचारते, माझा नवरा कसा होता? सान्या मल्होत्राच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग असतो आणि कुतूहलही असतं. ज्या माणसाबरोबर आपण काही महिने राहिलो त्याची ओळख आपल्याला दुसऱ्याच बाईकडून करून घ्यावी लागते आहे, ही कडू गोष्ट सिनेमा हलक्या हाताने सांगतो. मोठा सिनेमा नाही, सासरच्या माणसांची पात्रं काही ठिकाणी ठोकळेबाज आहेत. पण कागद फक्त पत्ता सांगतो, माणूस भेटतो तो त्या पत्त्यावर गेल्यावर, हे त्याला 'सर्चिंग'पेक्षा जास्त कळलं आहे.

चौदा हजार पानं

खऱ्या आयुष्यात हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला तो जर्मनीत. २०१२मध्ये बर्लिनच्या मेट्रो स्टेशनवर १५ वर्षांची एक मुलगी गाडीखाली सापडून गेली. अपघात की आत्महत्या, हे आईवडिलांना कळत नव्हतं. उत्तर कदाचित तिच्या फेसबुकच्या मेसेजमध्ये असेल, असं त्यांना वाटलं. आईकडे पासवर्ड होता. तरी खातं उघडेना, कारण मृत्यूची खबर मिळाल्यावर फेसबुकने ते 'स्मृती'च्या अवस्थेत टाकलं होतं. फुलं वाहता येतात, दार उघडत नाही.

खटला काही वर्षं वरखाली फिरला. खालच्या कोर्टाने आईवडिलांचं म्हणणं मान्य केलं, वरच्या कोर्टाने ते उलटवलं. त्याचा आधार नेमका मावशीचा होता: मुलीला ज्यांनी मेसेज पाठवले त्यांच्या संवादाची गुप्तता. १२ जुलै २०१८ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. डायऱ्या आणि पत्रं वारसांकडे जातात, मग खात्यातला मजकूर वेगळा का मानायचा, असा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. म्हणजे कोर्टाने कपाटाची उपमा स्वीकारली. ती मला अपुरी का वाटते ते वर सांगितलं. तरीही या निकालाशी भांडावंसं वाटत नाही. मूल कसं गेलं हे कळावं, हा आईवडिलांचा हक्क मावशीच्या संकोचापेक्षा जड आहे. सगळ्या टॅबांना एकच नियम लागू होत नाही, एवढंच यातून घ्यायचं.

पण गोष्ट इथे थांबली नाही. निकालानंतर फेसबुकने आईवडिलांना एक यूएसबी स्टिक दिली. तिच्यात चौदा हजारांहून जास्त पानांची एक पीडीएफ होती. घ्या, हा तुमच्या मुलीचा मजकूर. आईवडील पुन्हा कोर्टात गेले. २०२०च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलं, की हे पुरेसं नाही. खात्यात नवं काही लिहिता आलं नाही तरी चालेल, पण मुलगी जशी त्यात फिरत होती तसं आईवडिलांना फिरता आलं पाहिजे.

हा दुसरा निकाल मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि तो समीक्षेच्या भाषेतला निकाल आहे. मजकूर तोच असला तरी रूप बदललं की वाचन बदलतं, असं न्यायाधीश म्हणत आहेत. कविता गद्यासारखी सलग छापली तर शब्द सगळे राहतात आणि कविता जाते. चौदा हजार पानांच्या पीडीएफमध्ये मुलीचा प्रत्येक शब्द होता. कुठला फोटो पाहून ती हसली, कुणाच्या कॉमेंटखाली तिने उत्तर दिलं, हे सगळं पाठोपाठच्या ओळींत सपाट झालं होतं. माहिती दिली आणि जागा काढून घेतली.

बेचाळीस हजार पानं

आता दुसरा एक गठ्ठा. नॉर्वेचा दिग्दर्शक बेन्यामिन रे याचा 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' हा माहितीपट २०२४मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला आणि त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आला. मॅट्स स्टीन या तरुणाची ही गोष्ट. त्याला डुशेन हा स्नायूंचा आजार होता. हालचाल कमी कमी होत गेली आणि दिवसाचा मोठा भाग 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यात जाऊ लागला. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये, २५व्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं, की आपल्या मुलाला ना मित्र मिळाले, ना प्रेम, ना कुणाच्या उपयोगी पडण्याचं समाधान.

मॅट्स ब्लॉग लिहायचा आणि त्या ब्लॉगचा पासवर्ड आईवडिलांकडे होता. वडिलांनी त्यावर मुलगा गेल्याची पोस्ट टाकली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला. मग ईमेल येऊ लागले. एक, दोन, आणि मग थांबेचनात. युरोपभरातून लोक लिहीत होते, की खेळात इबेलिन नावाने वावरणाऱ्या तुमच्या मुलाने मला माझ्या आईशी पुन्हा बोलायला लावलं, मला अंधारातून बाहेर काढलं. अंत्यविधीला त्याच्या गिल्डमधली माणसं दुसऱ्या देशांतून आली.

खेळातले संवाद नोंदलेले होते, सुमारे बेचाळीस हजार पानांचे. रेने काय केलं? त्या पानांमधून खेळाच्याच चित्रशैलीत प्रसंग उभे केले. इबेलिन रोज सकाळी त्या जगात फेरफटका मारायला धावत निघतो, आणि व्हीलचेअर पाहून आलेले आपण पडद्यावर त्याचे धावणारे पाय पाहतो. जर्मन न्यायालयाने जे मागितलं होतं ते हेच. पीडीएफ नको, तो जिथे वावरला ती जागा दाखवा.

सिनेमा निर्दोष नाही. बेचाळीस हजार पानांतून दीड-पावणेदोन तास निवडताना रेने एक चढती कमान निवडली आहे. एकटेपणा, मैत्री, चूक, क्षमा, निरोप. मॅट्स कधीकधी लोकांना दुखवायचा, काही मैत्रिणींशी तो नीट वागला नाही, हे सिनेमा सांगतो, पण लगेच क्षमेच्या प्रसंगाकडे सरकतो. त्या हजारो पानांत किती दिवस नुसते कंटाळ्याचे असतील! ते इथे नाहीत. खेळात घालवलेल्या हजारो तासांना किंमत आहे हे पटवण्याची सिनेमाला इतकी घाई आहे, की काही जागी तो मुलाच्या वतीने वकिली करतो. संगीत तर आपल्याला रडवायला टपलेलंच आहे.

तरीही मी हा सिनेमा 'सर्चिंग'च्या वर ठेवीन. कारण त्यात पासवर्डने फार थोडं काम केलं आहे. पासवर्डने फक्त पोस्ट टाकता आली. बाकी सगळं त्या ईमेल पत्त्याने केलं. वडिलांनी आत शोधत बसण्याऐवजी बाहेर हाक मारली, आणि ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांनी सांगितलं. इथे मावशीला विचारण्याचा प्रश्नच आला नाही, मावशी आपणहून बोलली. मेलेल्या माणसाला वाचण्याची ही पद्धत 'पगलैट'मधल्या संध्याची, आणि जी. एं.च्या पत्रांचीही. समोरच्या टोकाला असलेला जिवंत माणूस आपल्या वाट्याचं घेऊन येतो.

बंद राहण्याचा हक्क

काहींना मात्र काहीच उघडायला नको असतं. विनोदी कल्पित कादंबऱ्यांचा राजा टेरी प्रॅचेट २०१५मध्ये गेला. आपलं अपुरं लिखाण नष्ट व्हावं, अशी त्याची इच्छा होती. २०१७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या एका जत्रेत त्याची हार्ड डिस्क जुन्या वाफेच्या रोडरोलरखाली चिरडली गेली. चिरडलेला तुकडा पुढे संग्रहालयात ठेवला गेला. चाहते हळहळले, पण मला त्यात त्याच्या पुस्तकांतला खट्याळपणा दिसतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनीही आपली शेवटची कादंबरी नष्ट करायला सांगितलं होतं. मुलांनी ती २०२४मध्ये छापली. वाचकांना एक पुस्तक मिळालं, पण बापाचा शब्द मोडला गेला. प्रॅचेटला पाळणारा माणूस मिळाला, मार्केसना प्रेमाने न पाळणारे मिळाले. मृताची इच्छा शेवटी कुणा जिवंत माणसाच्या हातात असते, लोखंडी रोलर असो वा पासकोड.

आणि काहींना खरं तर उघडायलाच हवं असतं, फक्त सांगायचं राहून जातं. नॉर्वेतले भाषातज्ज्ञ रायदार युपेदाल यांनी आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाची कॉम्प्युटरवर सूची केली होती. ते गेले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. २००२मध्ये ज्या संस्थेकडे तो संग्रह होता तिने जाहीर आवाहन केलं, की कुणीतरी हे फोडून द्या. काही तासांत उत्तर आलं. पासवर्ड होता त्यांचंच आडनाव, उलट्या अक्षरांत. ज्याला गुपित ठेवायचं असतं तो असा पासवर्ड ठेवत नाही. कधीतरी कुणीतरी हे सहज ओळखेल, असं धरून चालणाऱ्या माणसाचा तो पासवर्ड आहे.

फॉर्म कसा वाचावा

आता कंपन्यांनी यासाठी फॉर्म काढले आहेत. गूगलने २०१३मध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणला. तुम्ही किती महिने गप्प राहिलात, की तुम्ही नाही असं समजायचं, आणि मग कुणाला काय द्यायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. ॲपलने २०२१च्या डिसेंबरमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिला. तुम्ही नेमलेल्या माणसाकडे एक किल्ली राहते. ती आणि मृत्यूचा दाखला दिला, की क्लाउडमधले फोटो, मेसेज, नोट्स मिळतात. साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत, विकत घेतलेली गाणी आणि पुस्तकं मिळत नाहीत. भारतातही २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १४मध्ये, आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क वापरण्यासाठी कुणाला तरी नेमण्याची तरतूद आहे.

दोन्ही फॉर्म मी मजकूर म्हणून वाचून पाहिले. गूगलचा जरा बरा आहे. तो विचारतो, फोटो द्यायचे की मेल, की सगळंच पुसून टाकायचं. ॲपलचा फक्त 'कोण' विचारतो, 'काय' विचारत नाही. आणि दोघंही 'कसं' विचारत नाहीत. फोटो सगळ्यांना दे, पण बहिणीचे मेसेज न वाचता पूस, हे सांगायला त्यांत रकाना नाही. सदनिका आणि दागिने यांच्या वाटणीत पानंच्या पानं खर्च करणाऱ्या आपल्या मृत्युपत्रांतही तो नसतो.

म्हणून हा रकाना आपणच भरायचा आहे, आणि तो बोलून भरता येतो. आपल्या घरांत एक गमतीची विषमता आहे. आजीचा पिन नातवंडांना पाठ असतो, बहुधा त्यांनीच तो टाकून दिलेला असतो. नातवंडांचा पिन मात्र कुणालाही माहीत नसतो. टॅबच्या वारशाबद्दल आपण विचार करतो तो मोठी माणसं जातील असं धरून. पण बर्लिनमधली मुलगी १५ वर्षांची होती आणि मॅट्स २५चा. म्हणजे कदाचित हा लेख ज्या फोनवर वाचता आहात, त्याच फोनचा हा प्रश्न आहे.

लंडनच्या बातमीतल्या कंपनीचं ते हास्यास्पद वाक्य पुन्हा वाचून पाहू. आईची लेखी संमती आणा. मागितली ती चुकीच्या वेळी, आणि एका कोऱ्या टॅबसाठी मागितली, हा मूर्खपणा. पण प्रश्न योग्य होता. आई असताना तिला तो विचारता येतो. जेवताना, टीव्हीवर जाहिरात लागली असताना, फार गंभीर न होता: आई, तुझ्या टॅबचं काय करायचं गं नंतर? ती आधी म्हणेल, शुभ बोल नाऱ्या. मग म्हणेल, फोटो तेवढे काढून घ्या. मग थोडं थांबून कदाचित म्हणेल, माझं नि मावशीचं काही वाचत बसू नका.

ते एका कागदावर लिहून घ्या. खाली तिच्या मैत्रिणींचे फोन नंबरही घ्या. पासकोडपेक्षा तेच जास्त कामाला येतील.